आबाला पोटभर काच

जनूदादाला सरळ चालताना बघायचं तर त्याला घरी जाताना गाठायला हवं. कामावर असला की हा माणूस उलटा चालायचा. हातात काच पुसायचा वायपर, पुढ्यात खिडकी, आणि वायपर ओढत ओढत दादा मागे मागे. मागे खुर्ची आहे, कुंडी आहे, मांजर आहे की घरमालकीण आहे, याची चौकशी नाही. मी ओरडायची, "दादा, मागं बघ!" तो म्हणायचा, "मागं काय बघायचं गो? तिकडंच तर चाललोय!" यावर काय बोलणार, कपाळ?

त्याचं असं होतं की दादा पेणच्या खाडीकडचा, मिठागरातला माणूस. मिठागरात लांब बांबूला आडवी फळी ठोकलेली असते. ती कोंडीत, म्हणजे मीठ पिकायच्या वाफ्यात, पुढे टाकायची आणि मीठ आपल्याकडे ओढत मागे यायचं. दादाचं अर्धं आयुष्य असं मागे येण्यातच गेलं. त्यात तिकडचा मान असा की ज्याची फळी रुंद, तो गडी मोठा. रुंद फळी ओढायला दंडात जोर लागतो, आणि एका खेपेला ढीगही मोठा पडतो. पुढे बांध फुटला, खाडी आत आली, मिठागर बसलं, आणि केस पिकलेला जनूदादा पेणमध्ये खिडक्या पुसायला आला. येताना उलटं चालणं आणि रुंद फळीचं वेड अशी दोन गाठोडी घेऊन आला. मी म्हणते, आणायचंच होतं तर शेरभर मीठ आणायचं.

मी मंदा, त्याची शिडी धरणारी. आधी पापड लाटायची. पापडात बोलायला बंदी नव्हती, त्यामुळे जीभ जरा सुटी राहिली, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचा मालक शैलेश. पेणचाच पोरगा, दुबईला जाऊन उंच उंच इमारतींच्या काचा पुसून आला होता. येताना त्याने वायपरचा संच आणला. एक छोटा, एक मधला, एक मोठा, प्रत्येकाला रबराची धारदार पट्टी. पहिल्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर आम्हाला बसवून त्याने भाषण केलं. "खिडकी बघायची, मग वायपर निवडायचा. घरच्या खिडकीला छोटा किंवा मधला, दुकानाच्या काचेला मोठा. वायपर काचेत बसला पाहिजे आणि कापड बादलीत बसलं पाहिजे. साइज चुकली की काम चुकलं."

दादाने तिन्ही वायपर हातात घेऊन बघितले. मग छोटा वायपर दोन बोटांत धरून म्हणाला, "शेठ, यानं काच पुसायची का भाकरीला तूप लावायचं?"

"आणि हा मोठा?" शैलेश जरा चिडूनच म्हणाला.

"हा मोठा? ह्याचा बाप कुठं हाय?"

बाप नव्हताच, म्हणून दादाने तो जन्माला घातला. आमच्या शेजारी सरकत्या खिडक्या बनवणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून अॅल्युमिनियमची एक पट्टी कापून घेतली, तिच्यात रबर बसवलं, मागे बांबूची दांडी. माप द्यायला दादाने खिशातून एक गाठ मारलेली सुतळी काढली आणि म्हणाला, "या गाठीपासून त्या टोकापर्यंत. दोरा इकडंतिकडं नाय झाला पायजे." झालेला वायपर दाराएवढा रुंद. दुकानात आणताना आडवा आणावा लागला. दादाने त्याचं नाव ठेवलं आबा.

आबा आला आणि आमचे हाल सुरू झाले. आबा कुठल्याच बादलीत मावेना. मग यशोदावहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, कपडे धुवायचा टब कामावर आला. आबाला बसेल असं कापड बाजारात मिळेना, मग वहिनीने जुने टॉवेल जोडून त्याला झबलं शिवलं. वहिनी मला म्हणाली, "गो मंदे, माज्या पोरांना एवढी झबली नाय शिवली मी. आणि टब गेला तो गेलाच. आता मी कपडे काय आबावर धुवू?" मी म्हटलं, "वहिनी, टब मागून घे." ती म्हणाली, "मागितला तर तो टबाएवढा नवरा रुसून बसतो." तेही खरंच होतं.

आता पेणमध्ये घरं कशी, तर चोरांच्या भीतीने प्रत्येक खिडकीला लोखंडी गज. त्या गजांतून मांजरसुद्धा अंग चोरून जातं. तिथे आबा कसा जाणार? पण दादाला सांगायचं कोणी? एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो. स्वयंपाकघराची खिडकी, गजांची. मी मधला वायपर पुढे केला. दादाने तो पिशवीत परत टाकला आणि आबाला तिरपा केला, मग उभा केला, मग फिरवला, मग एक डोळा मिटून पुन्हा तिरपा केला. खट्ट आवाज झाला आणि आबा आत गेला. दादा माझ्याकडे बघून असा हसला की वाटलं किल्ला जिंकला.

पण आत गेलेला आबा बाहेर येईना. ओढला, ढकलला, हलवला, तेल लावलं. दादाने त्याला समजावलंसुद्धा. "आबा, असं करू नये, परक्याचं घर हाय." आबा ढिम्म. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग हसल्या, मग त्यांना वाट बघून कंटाळा आला आणि त्यांनी धुतलेली फडकी आणून आबावर वाळत घातली. दादाला ते इतकं लागलं! म्हणाला, "बाई, तुमच्या पाया पडतो, त्यावर पोतेरं नका टाकू." शेवटी गज वाकवायला माणूस आणावा लागला. मी ते सगळं शिडीच्या पायथ्याशी बसून बघत होते आणि हसू आवरायला पदर तोंडात कोंबला होता. पण पोतेरं काढताना दादाचा चेहरा पाहिला आणि माझं हसू जरा ओसरलं. एका वायपरचा माणूस इतका मान ठेवतो म्हणजे काहीतरी असणार, असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

मग गडब गावातला प्रकार झाला. हायवेच्या कडेला फरसाणाचं दुकान होतं, त्याला पुढे मोठी काच. दादा खूष. "आबाला एकदा तरी पोटभर काच मिळू दे," हे त्याचं तेव्हाचं पालुपद होतं. सकाळ-दुपार तेच. जेवताना डबा उघडून पहिला घास घेतला की म्हणायचा, "आपण जेवतो, आबा उपाशी." मी म्हणायची, "त्याला चटणी देऊ का?"

तर त्या काचेवर आबाला पाणी पाजलं, वरून टेकवला आणि दादा निघाला मागे. काच संपली तरी दादा थांबेना. तंद्री लागली होती. आबा हातात धरून, तोंड दुकानाकडे, दादा अंगण ओलांडून गेला, बाकडं चुकवून गेला. बाकड्यावर चहा पिणारं गिऱ्हाईक पाय वर घेऊन बसलं. पुढे, म्हणजे मागे, भाताचं शेत. नुकतं लावलेलं, पाण्याने भरलेलं. मी "दादा, मागं बघ" म्हणायला आणि दादा चिखलात बसायला एकच गाठ पडली. कमरेपर्यंत चिखल, पण दोन्ही हात वर, आणि हातात आबा कोरडा. तेवढ्यात शेतवाली बाई धावत आली. "मेल्या, माजी लावणी!" दादा तिथूनच म्हणाला, "बाय, आधी याला धर, मग मना शिव्या घाल." आणि तिने खरंच आबाला धरला हो! एका हाताने आबा धरून दुसऱ्या हाताने शिव्या घातल्या.

ही बातमी आमच्याआधी पेणला पोचली. शैलेशने दादाला समोर बसवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो हळू बोलला. "दादा, गिऱ्हाईक तुटतायत. रोह्याच्या नव्या लग्नाच्या हॉलचं काम आलंय. ते जमलं तर वर्षभराचं काम मिळेल. तिथे माझे वायपर चालतील. तिथे मला तो आबा दिसला, तर तुमचा-माझा रामराम. दुसरा माणूस बघेन."

दादा उठून निघाला. घरी जाताना सरळ चालत होता, तरी दोनदा अडखळला. त्या वयाला त्याला दुसरं काम कोण देणार होतं? मिठागर परत उघडणार नव्हतं, आणि मोलमजुरीला गुडघे साथ देत नव्हते. वहिनीने मला बाजूला घेऊन हात धरला. "मंदे, रोह्याला त्याला सांभाळ. हे काम गेलं तर हा माणूस घरात बसून माजं डोकं खाईल, आणि स्वतःचा जीव."

रोह्याच्या दिवशी शैलेश शिड्या आणि सामान घेऊन टेम्पोने पुढे गेला. त्याच्या शेजारच्या सीटवर फरशी घासायचं नवं मशीन पट्टा लावून बसवलेलं, म्हणून आम्ही दोघं पॅसेंजरने. पेण स्टेशनवर बघते तर दादाच्या हातात एक लांब बांबू, वर काहीतरी आडवं, त्यावर वहिनीची हिरवी साडी गुंडाळलेली.

"दादा, हे काय?"

"गुढी."

"ज्येष्ठात?"

"लवकर घेतली. पुढच्या वर्षाची."

मी डोक्याला हात लावला. "दादा, शैलेशने काय सांगितलंय? नोकरी जाईल!"

"मी वापरत नाय गो. नुसता दाखवायला नेतो. तिथल्या काचेला गज नाय, कायच नाय, असं ऐकलंय. लांबून बघू दे त्याला." डब्यातल्या एका म्हातारीने त्या गुढीला हात जोडले. दादाने तिला आशीर्वादाचा हात केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉल रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाच्या बाजूला होता. मालकांना सगळे भाऊ म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलीचं लग्न, पहिलंच कार्य. मंडपवाले, फुलवाले, आचारी, नुसता गोंधळ. पुढचा सगळा भाग काचेचा, दोन पुरुष उंच, आणि मधे मधे स्टीलचे उभे खांब. समोर कारंजं. शैलेश शिड्या उतरवून, आमच्या हाती त्याचे वायपर देऊन नागोठण्याला दुसऱ्या कामावर गेला. जाताना गुढीकडे संशयाने बघितलं. भाऊंनी मध्येच विचारलं, "ही कोणाकडून?" दादा म्हणाला, "आमच्याकडून, पोरीला." भाऊ खूष झाले. लग्नघरात कोण काय आणतं, कोण विचारतो!

दादाने शब्द पाळला. शैलेशचा मोठा वायपर लावला आणि निमूट कामाला लागला. पण ऊन थेट काचेवर. वरून साबणाचं पाणी लावावं, एक पट्टा ओढावा, दुसरा ओढायला जावं तोवर उरलेलं पाणी काचेवर वाळलेलं. पट्ट्याशेजारी पट्टा, मधे पांढऱ्या रेघा. पुन्हा धुतलं, पुन्हा रेघा. भाऊ येऊन बघून गेले, म्हणाले, "अहो, पुसताय का आखताय?" दुपार कलली. लग्न उद्यावर. काम गेल्यातच जमा होतं, आणि कामाबरोबर दादाही.

दादाने मोठा वायपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी गुढीकडे बघितलं. म्हटलं, "सोड ती साडी."

आबा बाहेर आला. एका ओढीत अख्खी काच, वाळायला वेळच नाही. दादाने त्याचं झबलं काढून, पाणी पाजून त्याला वर उचलला, खांबांच्या मधे टेकवायला गेला, आणि टेकेना. आबा खांबांवर आपटला. पुन्हा लावला. पुन्हा आपटला. आयुष्यभर काच लहान पडली, आणि आता एवढी मोठी काच मिळाली तर आबा चार बोटं जास्त. फक्त चार बोटं! मला रडू की हसू कळेना. पंचक्रोशीतली सगळ्यात मोठी काच, आणि म्हातारा दारात अडकला.

मंडपवाल्यांकडे लोखंड कापायची करवत होती. मी ती आणून दादापुढे धरली. तो मागे सरकला. या वेळी काही ओढत नव्हता, नुसताच मागे सरकला आणि कारंज्याच्या कठड्यावर बसला.

"नाय कापायचा," म्हणाला.

"अरे, अॅल्युमिनियमची पट्टी आहे ती!"

"ते माज्या बापाच्या फळीचं माप हाय, मंदे."

मग त्याने सांगितलं. त्याचा बाप, आबा, अख्ख्या मिठागरात सगळ्यात रुंद फळी ओढायचा. लोक बघायला यायचे. आबा गेला तेव्हा फळी घरी आली. आईने ती आधी रांजणावर झाकण म्हणून ठेवली. मग शेळीच्या खोपटाचं दार केलं. मग शेळी गेली, आणि एका पावसाळ्यात सुकं लाकूड नव्हतं तेव्हा फळी चुलीत गेली. "पेटायच्या आधी मी सुतळीनं माप घेतलं. फळी गेली गो, माप ऱ्हायलं. तेवढाच आबा ऱ्हायला."

मी करवत घेऊन त्याच्या शेजारी बसले. मग म्हटलं, "दादा, तुझा आबा उभा असता आणि फळी मिठाच्या कोंडीत बसत नसती, तर त्याने काय केलं असतं? घरी नेली असती?"

दादाने करवतीकडे बघितलं. "नाय. पयली कोंडी मोठी कर म्हणून मालकाशी भांडला असता."

"आणि मालकाने ऐकलं नसतं तर?"

"तर तासली असती," दादा हळू म्हणाला. "आणि आठ दिवस कुणाशी बोलला नसता." त्याने करवत माझ्या हातून घेतली. "धर त्याला. घट्ट धर. हलला तर लागंल त्याला."

मी आबाला मांडीवर धरला. दादाने दोन्ही हात जोडले, "आबा, जरासंच," म्हणाला, आणि एका बाजूने चार बोटं कापली. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. मांडीवर वायपर घेऊन रडणारी बाई त्या हॉलने पुन्हा पाहिली नसेल. फुलवाल्याने तर विचारलं, "ताई, मुलीकडच्या का?"

मग आबा काचेत असा बसला की बास. दादाने वरून ओढायला सुरुवात केली आणि मागे निघाला, कारंज्याच्या दिशेने. आज मी ओरडले नाही. त्याच्या मागे जाऊन पाठीला दोन्ही हात लावून उभी राहिले. "डावीकडे. आता सरळ. थांब, पाणी." खांब ते खांब, एका ओढीत एक काच. रेघ नाही, थेंब नाही. शेवटची काच झाली तेव्हा समोर काचच दिसेना.

तेवढ्यात शैलेशचा टेम्पो आला. तो मागच्या दाराने हॉलमध्ये शिरला होता, आणि आतून त्याने आम्हाला बघितलं. म्हणजे आबाला बघितलं. तोंड लाल. "दादा! काय सांगितलं होतं मी!" करत, बोट रोखून, तडक आमच्याकडे चालत आला, आणि धाड! नाकावर आपटला. काच मधे आहे हे त्याला कळलंच नाही. आत मांडी घालून शैलेश बसलेला, नाक धरून, आणि बाहेर आम्ही. भाऊ धावत आले. शैलेशला उठवण्याआधी त्यांनी काचेला हात लावून बघितला. "आहे हो," म्हणाले, "आहे काच!" आणि वर्षभराचं काम तिथल्या तिथे पक्कं केलं. वर बजावलं की उद्या वऱ्हाड यायच्या आत काचेवर दोन स्वस्तिकं चिकटवा, नाहीतर व्याही आपटतील.

शैलेशने रामराम केला नाही. नाकाला बर्फ लावून म्हणाला, "दादा, साइज बरोबर होती." दादा म्हणाला, "आता झाली." आणि पुढचे आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

नवव्या दिवशी कामावर आला तेव्हा खिशात काहीतरी चमकत होतं. ती कापलेली चार बोटं. त्यांना जुन्या टूथब्रशची दांडी बसवली होती. पेणच्या कुठल्याही गजांतून सुळकन आत जायची, कोपऱ्यात पोचायची. सगळ्यात आधी तो डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेला आणि बोलावलं नसताना खिडकी पुसून आला. मी विचारलं, "याचं नाव काय?" तो म्हणाला, "दुसरं काय असणार? नातू."

पुढे शैलेशने मला रोह्याच्या हॉलवर कायमचं ठेवलं. मी तिकडेच राहायला गेले. आबाही माझ्याबरोबर आला, कारण त्याची काच तिथे होती. दादा मात्र पेणला राहिला, नातवाबरोबर.

निघाले त्या दिवशी दादा पेण स्टेशनवर सोडायला आला होता. डब्यात शेजारच्या बाईला वारा सोसत नव्हता म्हणून खिडकीची काच खाली पाडलेली, आणि काच इतकी मळकी की पलीकडचा माणूस दिसेना. नुसता डाग दिसत होता. मग काचेवर पाण्याचा फवारा आला, खिडकीच्या गजांतून नातू आत शिरला आणि एक पट्टा स्वच्छ झाला. त्यात दादाचा एक डोळा. दुसरा पट्टा, दादाचं नाक. मग सगळा दादा, हसणारा. गाडी हलली. तो पुसत होता, पुसता पुसता सवयीने मागे मागे जायला लागला, आणि त्याच्या मागे वडेवाला डोक्यावर पाटी घेऊन उभा.

"दादा, मागं बघ!" म्हणून ओरडायला मी गजांशी तोंड न्यायला गेले, आणि धाड! कपाळ काचेवर आपटलं. ती इतकी स्वच्छ होती की मधे आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. वडेवाल्याचं काय झालं ते मला दिसलं नाही. रोहा येईपर्यंत मी कपाळ चोळत डोळे पुसत होते, आणि शेजारची बाई विचारत राहिली, "जोरात लागलं का हो?" मी म्हटलं, "हो."